धुळ्यातला ठिपका

सुरतेच्या गोडादरा भागात नूतन पाटीलला तिच्या नावाने फारसं कोणी हाक मारत नाही. सगळ्या गल्लीला ती "वर्षाची मम्मी" म्हणून माहीत. पारोळ्याजवळच्या गावातून लग्न होऊन ती सुरतेत आली तेव्हा तिला गुजरातीचा एक शब्द येत नव्हता. आता भाजीच्या लारीवर ती अशी घासाघीस करते की लारीवाला हात जोडतो. नवरा लखन लूमच्या कारखान्यात. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. सकाळी कारखान्याचा माणूस साड्यांचा गठ्ठा दारात टाकून जातो आणि नूतन त्यांच्यावर स्टोन चिकटवत बसते. गमाचा वास तिच्या बोटांना, पदराला, अगदी पोळ्यांनाही लागतो, असं वर्षा चिडवायची.

वर्षा त्यांची एकुलती एक मुलगी. महापालिकेच्या मराठी शाळेतून ती दहावी झाली आणि गुण चांगले पडले. सायन्स घ्यायचं तिने आठवीतच ठरवलं होतं. पण घराजवळ कुठे मराठीतून सोय नव्हती. गुजराती ती फाडफाड बोलायची, लिहायला बसली की अडायची. शेवटी नूतनचा मोठा भाऊ भिकन म्हणाला, "धुळ्याला पाठव. माझ्याकडे राहील. कॉलेज देवपुरात, घरापासून चालत जाण्यासारखं."

भिकन हार्डवेअरच्या दुकानात कामाला. त्याची बायको अरुणा, दोन लहान मुलगे आणि दोन खोल्या. तरी त्याने मनापासून बोलावलं. वर्षाही लगेच हो म्हणाली. नूतन दोन दिवस नुसती स्टोन चिकटवत राहिली. मग एका सकाळी गठ्ठा सोडता सोडता म्हणाली, "जाऊ दे तिला."

अभ्यासाचे व्हिडिओ, क्लासच्या नोट्स, सगळं आता फोनवरच येतं, म्हणून वर्षाला फोन घ्यावा लागला. पोर परक्या गावी आणि हातात फोन. लखनला झोप येईना. कारखान्यातल्या कोणीतरी त्याला सांगितलं की मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं ॲप मिळतं. म्हणून वर्षा जायच्या आदल्या आठवड्यात नवराबायको योगेंद्रच्या दुकानात गेले.

योगेंद्र शहाद्याचा. गोडादऱ्यात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान. आपल्या भागातली माणसं आली की तो स्टूल पुढे ओढतो.

"तीन जातीची असतात, लखनभाऊ," तो म्हणाला. "एक फक्त ठिकाण दाखवतं. दुसरं ठिकाण दाखवतं, फोन किती वेळ बघितला ते सांगतं, आणि ठरवलेली वेळ झाली की फोन बंद करतं. पण ते पोरीला दिसतं. तिच्या फोनवर लिहून येतं की आईबाप बघू शकतात."

"आणि तिसरं?"

"तिसरं तिला कळतच नाही. कोणाशी काय बोलली, कोणाला फोटो धाडला, सगळं तुमच्या फोनवर येतं."

"तेच टाक," लखन म्हणाला.

योगेंद्रने मान खाजवली. "टाकून देतो. पण एक सांगतो भाऊ, पोरीचे मेसेज, फोटो आधी त्या कंपनीकडे जातात आणि मग तुमच्याकडे येतात. ती कंपनी कोणाची, कुठल्या देशातली, ते मला विचारू नका. मला माहीत नाही."

लखन घुटमळला. तरी म्हणाला, "पण कळलं पाहिजे ना आपल्याला. जमाना कसा आहे!"

नूतन पुढे सरकली. ती म्हणाली, "दुसरं टाका. तिला दिसेल ते."

"अगं, तिला दिसलं तर ती सावध नाही का होणार?"

"होऊ दे सावध."

दुकानात ती एवढंच बोलली. घरी जाताना, सांडपाण्याच्या नाल्यावरचा पूल ओलांडल्यावर, तिने लखनला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. सुरतेत येण्याआधी, लग्नानंतरचं पहिलं वर्ष ती गावी सासूजवळ होती. आठवड्यातून एकदा शेजाऱ्यांच्या फोनवर तिच्या आईचा फोन यायचा. नूतन बोलायला गेली की सासू मागोमाग येऊन दाराआड उभी राहायची. पदराचा काठ दिसायचा. "आई विचारायची, कशी शे? मी म्हणायची, बरी शे. तेवढंच. वर्षभर आईला तेवढंच कळलं." मग म्हणाली, "मला माझ्या पोरीच्या दाराआड उभं नाही राहायचं. बघायचंच तर समोरून बघू."

दुसऱ्या दिवशी लखनने वर्षाला समोर बसवून, योगेंद्रने सांगितलं तसं ॲप तिच्या फोनमध्ये घालून घेतलं. वर्षाने तोंड वाकडं केलं. "म्हणजे मी कुठे पण गेली तरी तुम्हाला दिसणार?"

"दिसणार," नूतन म्हणाली.

"आणि मी तुम्हाला?"

तशी सोय त्यात नव्हती.

वर्षा गेली आणि नूतनच्या फोनमध्ये धुळ्याचा नकाशा आला. त्या नकाशावर एका छोट्या गोलात वर्षाचा शाळेतला फोटो होता, दोन वेण्यांचा. तो गोल इतका लहान दिसायचा की नूतन त्याला ठिपकाच म्हणायची. ठिपका सकाळी भिकनच्या घरी असायचा, मग कॉलेजवर, दुपारी परत घरी, संध्याकाळी क्लासला. पांझरा नदीच्या पुलावरून तो सरकताना दिसला की नूतनचा हात साडीवर थांबायचा. धुळ्यात ती फार तर चार-पाचदा गेली असेल, पण आता तिथले चौक, दवाखाने, मंगल कार्यालयं तिला तोंडपाठ झाली.

लखनला नकाशापेक्षा फोनचं चार्जिंग कळायचं. रातपाळीहून आला की चपला काढायच्या आधी विचारायचा, "पोर ऊठनी का?"

नूतन बघून सांगायची, "ऊठनी. चार्जिंगला लावलाय."

मग तो चहा घ्यायचा. कधी नूतन साडीत गुंतलेली असली की स्वतःच फोन हातात घेऊन बसायचा. काळ्या पडलेल्या अंगठ्याने नकाशा मोठा करत राहायचा, इतका मोठा की रस्ते संपून नुसता करडा रंग उरायचा. त्याच्या मध्यात ती दोन वेण्यांची मुलगी.

रात्री जेवणानंतर वर्षाचा फोन आपोआप बंद व्हायचा. त्याच्या थोडं आधी नूतनच्या फोनवर टिंग वाजायचं. वर्षा आणखी वेळ मागत आहे, द्यायचा का? नूतन दर वेळी हो दाबायची. पहिल्या महिन्यात त्यावरून तिची आणि लखनची भांडणं झाली. पुढे पुढे ती विनंती म्हणजे पोरीने दारातून डोकावल्यासारखी वाटायला लागली. फोनवर बोलणं दोन मिनिटांचंच असायचं, कारण मामाच्या घरात सगळे जवळजवळ बसलेले. "जेवनी का?" "हां." "अभ्यास?" "चालू शे." त्यापेक्षा ते टिंग बरं. त्यात कोणी ऐकणारं नसायचं.

गणपती झाले आणि टिंग बंद झालं.

नूतनला आधी वाटलं, अभ्यास वाढला असेल. मग तिच्या लक्षात आलं की संध्याकाळी ठिपका क्लासला जातच नाही. पूल ओलांडून तो सरळ एसटी स्टँडवर जातो. तिथे बराच वेळ थांबतो आणि क्लास सुटायच्या सुमाराला घरी परत येतो. एक दिवस झाला, दोन दिवस झाले. आठवडाभर तेच.

एका संध्याकाळी ठिपका स्टँडवर असताना तिने फोन लावला.

"कोठे शे तू?"

"क्लासमां शे. सर उनात. ठेवस."

पाठीमागे भोंगा बोलत होता. कुठल्यातरी गावाला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी लक्ष द्यावं. नूतनने ते शब्द न् शब्द ऐकले.

फोन खाली ठेवून ती साडीकडे बघत बसली. लेक खोटं बोलली, याचं दुःख होतंच. त्याहून मोठी भीती दुसरीच होती. आपण विचारलं आणि तिने फोनच बंद केला तर? मग हा ठिपकाही जायचा. निदान ती कुठे आहे एवढं तरी दिसतंय. म्हणून तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही विचारलं नाही. रोज त्या वेळेला ती फोन लावायची, "क्लासमां शे" ऐकायची आणि "बरं" म्हणायची.

नवरात्र निघून गेलं. शेवटी तिने लखनला सांगितलं. तो एकदम उभा राहिला.

"मी म्हटलं होतं! ते लपलेलं टाकलं असतं तर आत्ता कळलं असतं कोण आहे ते. भिकनला फोन लाव. दोन ठेवून दे म्हणावं."

"कोण आहे म्हणजे?"

"स्टँडवर पोरगी रोज कशाला जाते? तूच सांग."

"मला नाही माहीत," नूतन म्हणाली. "म्हणून मी जाऊन येते."

लखन खाली बसला. थोड्या वेळाने त्याचा आवाज उतरला. "भिकनला नको सांगू मग. उगाच पोरीला घालूनपाडून बोलतील." आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तो तिला बसमध्ये बसवायला स्टेशनसमोरच्या डेपोत आला. खिडकीतून पाण्याची बाटली देताना म्हणाला, "मारू नको तिला."

"मी कधी मारलं?"

"तसं नाही. सांगून ठेवतो."

गाडी निघाली. चलथाणच्या साखर कारखान्याजवळ उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. गाडी तिथे खूप वेळ रखडली आणि मळीचा गोडसर, आंबूस वास खिडकीतून आत आला. बारडोली, व्यारा, सोनगड. नवापूरला पाट्या मराठी झाल्या. नूतनने काही खाल्लं नाही. काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती आणि दर वेळी पहिल्याच वाक्याला अडत होती. मुलगा कोण असेल? चांगल्या घरातला असेल का? आपण रागावायचं की जवळ घ्यायचं? साक्रीच्या पुढे ऊन कलायला लागलं. तिने फोन काढून पाहिलं. ठिपका पूल ओलांडत होता.

गाडी धुळ्याच्या स्टँडच्या फाटकातून वळली तेव्हा ती दोन्ही बाजूंना बघत होती. कोपऱ्यातली उसाच्या रसाची टपरी, मासिकांचं दुकान, बाकड्यांवर बसलेली पोरं. वर्षा यांतल्या कोणाशी बोलत असेल म्हणून ती शोधत होती. ती कुठेच दिसेना. गाडी फलाटाला लागली, माणसं पिशव्या घेऊन उठली, नूतनही रांगेतून दाराशी आली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि खाली बघितलं.

वर्षा समोरच उभी होती. खांबाला टेकून, दप्तर पोटाशी धरून. उतरणाऱ्या एकेका माणसाकडे ती बघत होती, जसं घ्यायला आलेलं माणूस बघतं तसं. एक म्हातारा उतरला, त्याच्याकडे पाहिलं. लेकुरवाळी बाई उतरली, तिच्याकडे पाहिलं. मग नूतनकडे पाहिलं आणि नजर पुढे गेली. पुढच्या माणसावरून ती पुन्हा मागे आली.

"मम्मी?"

नूतनला उतरताच येईना. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ ताई, चला ना!"

"मम्मी, तू कशी काय उनी?"

वर्षाचा चेहरा आधी आनंदाने फुलला आणि मग एकदम पांढरा पडला. नूतनने तिचा दंड धरला आणि तिला बाकड्यावर नेऊन बसवलं. प्रवासभर जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवेना.

"कोणाला घ्यायला आली होतीस?"

"कोणाला नाही."

"मग?"

वर्षा दप्तराच्या बंदाशी खेळत राहिली. "सुरतची गाडी असते ना ही," ती म्हणाली. "म्हणून."

हळूहळू सगळं बाहेर आलं. कॉलेजात पहिल्या आठवड्यात ती बोलून गेली होती, "मॅडम, मी चोपडी घरी विसरली." वहीला चोपडी म्हटलं म्हणून सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मुली तिला चोपडीच म्हणत. सुरतेत शेजारची गुजराती पोरं तिला मराठी म्हणून चिडवायची, इथे ती सुरती झाली. क्लासमध्ये सर भरभर शिकवायचे. एकदा ती शंका विचारायला उभी राहिली तर मागून कोणीतरी तिच्या बोलण्याची नक्कल केली. त्यानंतर तिने क्लास सोडला, आणि रात्री अभ्यासासाठी फोनचा वेळ मागणंही. मामी चांगली होती, मामाही चांगला होता. पण त्या घरात एकटं बसून रडायला जागा नव्हती.

"एकदा सहज आली इकडे. तेव्हाच ही गाडी आली. दोन बायका गुजरातीत भांडत उतरल्या, सीटवरून. मला इतकं बरं वाटलं, मम्मी. मग रोज यायला लागली. कोणाच्या हातात आपल्याकडच्या दुकानाची पिशवी असते. कोजागिरीनंतर तर एकाकडे घारीच्या मिठाईचा डबा होता, वास येत होता तुपाचा. सगळे उतरले की ड्रायव्हर गाडी मागे नेतो. मग मी जाते."

"आणि फोनवर? क्लासमध्ये आहे म्हणून सांगायचीस ते?"

वर्षाने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि थोडा रागही होता.

"तुले दिखस ना मी कोठे शे ते?"

"दिखस."

"रोज दिखे ना?"

"रोज."

"माले वाटे, तू इचारशी. खोटं बोलते म्हणून रागावशील, ओरडशील. मी रोज वाट बघायची. तू नुसतं बरं म्हणायचीस आणि ठेवायचीस. मला वाटलं, तू बघतच नाहीस."

समोर रिकामी झालेली गाडी भोंगा वाजवत मागे सरकत होती. नूतनने पोरीचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं.

"भ्याव वाटनं माले," ती म्हणाली. "विचारलं तर फोन बंद करशील, असं वाटलं. मग तू दिसलीच नसतीस."

"वेडीच आहेस तू," वर्षा म्हणाली आणि रडायला लागली. आईच्या पदरात तोंड खुपसून म्हणाली, "गमाचा वास येतोय."

दोन दिवस नूतन भिकनकडे राहिली. भावाला तिने एवढंच सांगितलं की पोरीची आठवण आली. पहिल्या रात्री दोघी एका गोधडीत झोपल्या, आणि नूतन कुजबुजत म्हणाली, "चल माझ्याबरोबर. नको ते सायन्स. गुजरातीतून जे मिळेल ते कर."

वर्षा तिच्या कुशीत सरकली. नूतनला वाटलं, येईल. तिने मनात पोरीचं कपाट लावूनही टाकलं. पण सकाळी जाग आली तेव्हा वर्षा कॉलेजचा ड्रेस घालून वेणी घालत होती.

"आली तर मग परत जायचं होणार नाही माझ्याच्याने," ती आरशात बघत म्हणाली. "राहू दे."

नूतनने तिच्या हातातून कंगवा घेतला आणि दुसरी वेणी घालून दिली. वेणी तिने मुद्दाम हळूहळू घातली.

क्लास बदलायचं दोघींनी मिळून ठरवलं. कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका थोड्याच मुलींना शिकवायच्या. नूतन स्वतः जाऊन त्यांना भेटून आली. आणि सुरतेला परतल्यावर संध्याकाळचा तिचा फोन बदलला. आता ती "कोठे शे" विचारायची नाही. ते तर दिसतच होतं. ती विचारायची, "आज कोणी हसलं का?" कधी वर्षा सांगायची, कधी चिडायची, कधी म्हणायची, "आज मीच त्यांना हसली." अधूनमधून ठिपका स्टँडवर जायचा. अशा दिवशी नूतन लगेच फोन लावायची आणि दोघी गाडी येईपर्यंत बोलत बसायच्या. कोण उतरलं, कोणाच्या हातात काय होतं, ते वर्षा सांगायची आणि नूतन ऐकता ऐकता स्टोन चिकटवायची. लखन दिवसपाळीला नसला तर मधेच ओरडून विचारायचा, "ड्रायव्हर तोच का?"

पुढच्या वर्षी स्टँडच्या फेऱ्या कमी झाल्या, मग थांबल्या. वर्षाला मैत्रिणी झाल्या होत्या. ठिपका आता कोणाच्या घरी, कधी नदीकाठच्या बागेत, कधी गणपतीच्या मंडपात दिसायचा. नूतनला बरं वाटायचं. आणि मग साडीवर हात तसाच थांबून राहायचा, का ते तिला सांगता आलं नसतं.

बारावीला वर्षाने गुण चांगले काढले आणि शिरपूरला फार्मसीला नंबर लागला. लखनने हौसेने नवा फोन आणला. योगेंद्रने विचारलं, "वहिनी, ते जुनं ॲप यातही टाकायचं का?" नूतनने वर्षाकडे पाहिलं. वर्षा खांदे उडवून म्हणाली, "टाकायचं तर टाका. मला काय." ती खरंच तसं म्हणत होती, तिला काही फरक पडत नव्हता. नूतन म्हणाली, "नको."

त्या उन्हाळ्यात वर्षा महिनाभर सुरतेत होती. नूतनने रोज काहीतरी केलं. कधी सेवखमणी आणली, कधी कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. वर्षा आवडीने खायची. पण दिवसभर धुळ्याच्या मैत्रिणींशी बोलत असायची आणि तिचं बोलणंही बदललं होतं. आता ती "विसरले" म्हणायची, "विसरली" नाही. एका दुपारी शेजारच्या पोराने गुजरातीत काहीतरी विचारलं, तर उत्तर देताना तिला शब्द आठवेना. ती हसली आणि हिंदीत बोलली.

शिरपूरच्या होस्टेलवर जाण्याआधी तिला मामाकडचं सामान आवरायचं होतं. नूतनने डबा भरून दिला. लखनने बॅग गाडीत चढवली. दोघं डेपोच्या फाटकापर्यंत गाडीमागून चालत गेले आणि मग रिक्षाने घरी आले. नूतन कामाला बसली. दुपारी तयार साड्या घेऊन जाणारा माणूस येऊन गेला. लखन रातपाळीची तयारी करत होता. मध्येच त्याने उगाचच तिचा फोन हातात घेतला आणि काहीच न बघता परत ठेवला.

दिवेलागणीला मेसेज आला. नूतनने तो मोठ्याने वाचून दाखवला.

"मम्मी, घरी पोहोचले. मामी भाकरी टाकतेय."

लखन डब्याचं झाकण लावत होता. त्याने वर पाहिलं. दोघांनाही 'घरी' हा एकच शब्द लागला होता. नूतनने ओल्या बोटांवरचा गम पदराला पुसला आणि एकेक अक्षर शोधून लिहिलं, "बरं झालं. पोटभर जेव."